जगायला गेलेल्यांचा अभ्यास

डहाणूकडच्या गंजाडच्या पाड्यावर शितल दुमाडाचं काम लोकांना समजावून सांगायची जबाबदारी तिच्या आईची, नवशीची. "लोकां कुठं जातात, कशाला जातात, तां इचारते. त्याचा पगार भेटतो तिला," असं ती सांगते. मुंबईच्या विद्यापीठात अर्थशास्त्राची प्राध्यापक असलेल्या शितललाही स्वतःच्या कामाची याहून नेमकी ओळख करून देता येत नाही.

हे काम तिच्या घरातच सुरू झालं होतं. भातकापणी झाली की नवशी आणि शितलचा बाप काळ्या वसईच्या बाजूला वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. शितल तेव्हा आश्रमशाळेत होती म्हणून मागे राहिली. धाकटा मनिष कडेवरचा, तो आईबापांबरोबर गेला. पुढे शाळेत घातलं तरी दरवर्षी अर्ध्यावर उठून जावं लागायचं, आणि पाचवीत त्याची शाळा सुटली ती सुटलीच. एकाच घरातली, एकाच आईची दोन मुलं. एक एम.ए.ला पोचली आणि दुसरा गुजरातच्या बोटीवर खलाशी झाला. हे कसं झालं, एवढंच शितलला पीएच.डी.त शोधायचं होतं.

पाहणीला ती आधी आपल्याच पाड्यावर गेली, पण तिथे कुणी उत्तरच देईना. "तुला ठावा नाय का? आपून संगंच तर होतो," म्हणून बायका हसत सुटायच्या. शेवटी तिने तलासरीकडचे पाडे निवडले. तिथे ती कुणाची मुलगी हे कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे लोक बोलले. प्रबंध झाला, नोकरी लागली, आणि काही वर्षांनी कॅनडातल्या एका विद्यापीठाने तिला दोन वर्षांसाठी बोलावलं.

जायच्या आदल्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या नरपडहून हिरकणीकाकी घरी आल्या. भट्टीवर जाणं थांबल्यावर नवशीने बरीच वर्षं यांच्याच वाडीत चिकू तोडले होते. काकी पाड्यावर पहिल्यांदाच येत होत्या. नवशीने खाट झाडून दिली, पण त्या ओट्यावरच टेकल्या. हातात सुकवलेल्या चिकूच्या चकत्यांची पिशवी होती.

"शितल, आमचा पीयूष तिथेच असतो. एवढं नेशील का?"

"नेते की, काकी."

"पाच वर्षं झाली त्याला. सेटल झालाय आता."

नवशी म्हणाली, "माझी पोर पण जगाया चालली, शेठाणी."

भट्टीवर जाण्याला पाड्यावर 'जगायला जाणं' असंच म्हणतात. काकींना आधी हसू आलं. मग त्यांनी अंगणातल्या कोंबड्यांकडे नजर वळवली.

"तोही जगायलाच गेलाय म्हणा," त्या म्हणाल्या. "आम्ही तसं बोलत नाही, एवढंच."

विमानात शितल त्या वाक्यावरच विचार करत होती. इतकी वर्षं ती स्थलांतरावर लिहीत आली होती, पण नरपडच्या एकाही घराचं दार तिने वाजवलं नव्हतं. वाडीवाल्यांची मुलं परदेशी गेली तर त्यांना स्थलांतरित म्हणायचं तिच्याही मनात आलं नव्हतं.

कॅनडात पीयूष पिशवी न्यायला आला आणि गाडीतच उघडून खायला लागला. डहाणूत असताना दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नसते. इथे महिन्यातून एकदा तरी तो जेवायला येऊ लागला.

परत आल्यावर शितलने नवी पाहणी हाती घेतली. डहाणूच्या किनाऱ्यावरची वाडीवाली घरं आणि आतले पाडे, दोन्हीकडे प्रश्न तेच: कोण गेलं, का गेलं, शिक्षणाचा काय उपयोग झाला, आणि तिथे लोक तुम्हाला काय म्हणून ओळखतात. नरपडला ती पहिल्यांदा काकींकडेच गेली. काकींचे यजमान रामनाथशेठ दोन प्रश्न झाल्यावर उठून उभे राहिले.

"मजुरांना विचारतेस तेच आम्हाला? आमचा मुलगा काय भट्टीवर गेलाय?"

काकींनी फोन उचलला आणि पीयूषला सगळं सांगून तो नवऱ्याच्या हातात दिला. पलीकडचा आवाज खोलीत स्पष्ट ऐकू येत होता.

"बाबा, पहिली दोन वर्षं मी गोदामात खोकी उचलली. तुम्हाला बोललो नव्हतो. विचारू दे तिला."

रामनाथशेठ खाली बसले. चहा आला, निवला. मग त्यांनी आपणहून सुरुवात केली, आणि ती पीयूषपासून नव्हे तर स्वतःच्या आजोबांपासून. आजोबा वसईकडून पोट भरायला इकडे आले होते आणि दुसऱ्याच्या वाडीत राबले होते. संध्याकाळपर्यंत शेठ बोलत राहिले. निघताना म्हणाले, "आईला सांग, येऊन जा म्हणावं. चिकू तोडायला नाही, अशीच."

नवशी गेली. हल्ली अधूनमधून जातेच.

त्या पाहणीचं पुढे पुस्तक झालं. मनिषने ते हातात धरून बघितलं. तो आता तांडेल आहे, अख्खी बोट त्याच्या हुकमावर चालते. "माझा फोटो नाय यात?" एवढंच त्याने विचारलं. त्याची मुलगी वर्षा डहाणूला बारावीत आहे. तिला नर्सिंगला जायचंय, अर्थशास्त्राचं नाव काढलं की ती जांभई देते.

सध्या शितलच्या हाताखाली दिपक हा तलासरीचा विद्यार्थी पीएच.डी. करतोय. शितलने आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की आईबाप कामावरून रोज घरी परतत असतील तर मुलांची शाळा टिकते. दिपकने सीमेलगतचे पाडे फिरून पाहिलं. तिथले लोक रोज पलीकडच्या गुजरातेत कारखान्यांत जाऊन रात्री घरीच येतात, तरी मुलं दहावीनंतर शिकत नाहीत. काम इतकं जवळ आहे की मुलांना शाळेत थांबवत नाही.

गेल्या महिन्यात तो हे सांगायला तिच्या खोलीत आला तेव्हा बराच वेळ कागदच चाळत बसला.

"बोल ना."

"मॅडम, तुमचं चौथं प्रकरण... सीमेलगत ते लागू होत नाही."

शितलने कागद घेतले. पहिल्यांदा भरभर, मग सावकाश वाचले. एका ठिकाणी ती थांबली, मागे जाऊन पुन्हा पाहिलं. दिपक दाराकडे बघत होता.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "माझं चुकलंय. पण हे तू तुझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात दडवून का ठेवलंस? पहिल्यात घे. माझं नाव घालून लिही."

"चालेल?"

"चालेल म्हणजे? कुणीतरी ते खोडून काढावं म्हणून तर आपण छापतो."

त्या शनिवारी गंजाडला जाताना ती दिपकलाही सोबत घेऊन गेली. नवशीने दोघांना भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं आणि हा कोण म्हणून विचारलं. शितल म्हणाली, "हा पण लोक कुठं जातात ते विचारतो. माझ्याहून बरं विचारतो."

नवशीने दिपकच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि त्याचा पाडा कोणता, आईचं माहेर कुठलं, त्या चौकशीला लागली.