धुवणाची बाटली

माझ्या मामाला कामावर सगळे ‘साबण’ म्हणायचे. जमिनीखालचं पाणी तपासण्यासाठी विहिरी घेणं हे त्याचं काम. विहीर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काठ आणि पायऱ्या आल्या असतील तर विसरा. ही मनगटाएवढी नळी, खोल उभी सोडलेली, वर कुलूप. तिचं पाणी कुणी पीत नाही, नुसता नमुना काढतात.

“वरची घाण आपणच खाली नेली, तर मग तपासायचं काय, कपाळ?” हे मामाचं ठरलेलं वाक्य. प्रत्येक बोअरआधी जमिनीत भोक पाडायचे सगळे रॉड गरम पाण्याच्या झोताखाली. रॉडच्या आट्यांना ग्रीस नाही, नळ्या जोडायला सोल्युशन नाही, हातमोजे कोरे. नळीभोवती फुगणाऱ्या मातीच्या गोळ्यांचं बूच भरायचं तेही मूठमूठ, दर मुठीला खोली मोजायची फीत सोडून. घाईनं ओतल्या तर गोळ्या मधेच अडकतात, खाली पोकळी राहते आणि वरचं पाणी तिथून उतरतं. धुतलेल्या रॉडवर शेवटी शुद्ध पाणी ओतून ते निथळलेलं धुवण तो एका बाटलीत धरायचा आणि तीही प्रयोगशाळेत पाठवायचा. रॉड खरंच स्वच्छ होते का, हे त्या बाटलीवरून कळतं. मामी म्हणायची, “आणि हाच बाबा घरात ओला टॉवेल गादीवर टाकतो!”

आमच्या गल्लीमागे यंत्रांचे सुटे भाग धुवायचा कारखाना आहे. गल्लीच्या तोंडाशी विहीर घ्यायचं काम नेमकं मामाकडे आलं. आमच्या अंगणातला हातपंपही त्याचाच. आई लग्न होऊन इथं आली तेव्हा त्यानं तो बसवून दिला होता. बहिणीला द्यायला त्याच्याकडे तेवढी एकच कला होती. तीस वर्षं आम्ही तेच पाणी प्यायलो. दोन वर्षांपासून आईचं लिव्हर बिघडलंय आणि डॉक्टर कारण सांगू शकत नाहीत.

त्या दिवशी मामाचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. भाड्याच्या यंत्रातून तेल पाझरत होतं. त्यानं खाली पत्रा अंथरला, रॉड दोनदा धुतले, तरी मनात किंतु राहिलाच.

विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला. कारखान्यात वापरतात तेच द्रव्य, मर्यादेच्या चाळीस पट. कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, “भाड्याची यंत्रंही याच द्रव्यानं पुसतात. घाण तुमच्या यंत्राची.” मामा म्हणाला, “असेलही.”

माझं डोकंच फिरलं. “मामा, त्यांच्या ओंजळीनं पाणी पितोस? तीस वर्षांत तुझी एक विहीर बाद झालेली नाही!”

तो खाली बघत राहिला. “अगं, माझं चुकलं असेल तर बरंच ना. मग ताईचं पाणी चांगलं आहे.”



आता सगळं त्या धुवणाच्या बाटलीवर येऊन ठेपलं; तिचा अहवाल अजून यायचा होता. ती घाण निघाली तर विहीर बाद आणि विषय संपला. स्वच्छ निघाली तर गल्लीतलं घर अन् घर तपासायचं. “आपल्या पंपाचा नमुना तूच का काढत नाहीस?” मी विचारलं. म्हणाला, “हात धजत नाही.” रोज मात्र प्यायच्या पाण्याचा कॅन खांद्यावरून आणून द्यायचा. आई त्याला वेड्यात काढायची आणि धुण्याभांड्याला पंपच हापसायची. मामा देवाधर्माचा नव्हे, त्या आठवड्यात मात्र तो मला म्हणाला, “एकदा, फक्त एकदा, माझं काम घाण निघू दे.”

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. “स्वच्छ आहे,” एवढंच बोलला आणि ठेवून दिला. एवढा चांगला शब्द, आणि तो मला आईला सांगायचा होता.

दुपारी मामा पाने-पक्कड घेऊन आला. कुणाशी न बोलता त्यानं पंपाचा दांडा सोडवला, साखळी काढली. कोपरापर्यंत ग्रीस. मग पंपाशेजारीच बसला.

“ताई, तीस वर्षं मीच पाजलं गं तुला.”

आई तांब्या घेऊन बाहेर आली. मग म्हणाली, “तू काय जाणून पाजलंस? चल, ऊठ. हात पुढं कर.” सकाळी हापसून ठेवलेल्या बादलीतून तिनं तांब्या भरला आणि त्याच्यासमोर धरला.

मामानं दोन्ही हात मागं घेतले. दिवसातून वीसदा हात धुणारा माझा मामा, ते काळे हात पाठीशी धरून तसाच बसून राहिला.