मावशींच्या घरची प्रार्थना

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. पत्नीला सांगितली नाही, आणि आता ती ऐकायला राहिली नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत अजूनही कुणी म्हणतं, "त्या मावशींनी एकदा घरात प्रार्थना नको म्हणून सांगितलं होतं." ते खरं नाही. ते मी पसरवलेलं आहे.

गुड फ्रायडेच्या आधीच्या चाळीस दिवसांत आमच्याकडे रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असते. दोन गीतं, बायबलमधलं वचन, विनंत्या, मग चहा. कोणत्या दिवशी कुणाचं घर, ती यादी मी करायचो. शाळेत शिक्षक होतो, अक्षर चांगलं होतं, म्हणून मंडळीचा सेक्रेटरी झालो होतो.

मावशी रस्ते झाडायच्या. शहरातल्या द्वारका चौकाच्या अलीकडे एका गल्लीत, गटाराला लागून त्यांची खोली. दर वर्षी यादी लागायच्या आधी चर्चच्या पायरीवर थांबून विचारायच्या, "सलाम, सर. औंदा माझं घर घ्या ना."

"बघू मावशी. जागा लहान पडेल."

"लहान हाय, पण सारवून ठेवते. दाटीनं बसू."

जागेचं कारण खोटं होतं. त्याहून लहान घरांत आम्ही बसलो होतो. मला त्यांच्या घरचा चहा नको होता. माझे आजोबा नामपूरकडून आले तेव्हा गावकुसाबाहेरूनच आले होते. दोन पिढ्यांत आम्ही इस्त्रीचे कपडे घालू लागलो, आणि मला मावशींकडे पाहिलं की आजोबांची आठवण व्हायची. ती नको असायची. दर रविवारी मुलांना मी विचारायचो, "ख्रिस्ती कोणाला म्हणावं?" उत्तरही मीच पाठ करून घ्यायचो.

एका वर्षी चर्चच्या पाळकसाहेबांनीच यादी पाहून विचारलं, "मावशींचं घर कसं नाही?" मग लिहावं लागलं.

मावशींच्या घरची पाळी होती त्या दिवशी दुपारी गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्याकडे परगावचे पाहुणे होते, आजच प्रार्थना ठेवता येईल का, नंतर जेवणही आहे. मी लगेच हो म्हणालो. सगळ्यांना फोन केले. मावशींकडे फोन नव्हता. सायकलवर वीस मिनिटांचं अंतर. मी गेलो नाही.

डॉक्टरांच्या दारात पाळकसाहेबांनी विचारलं, "मावशींना कळवलंत ना?"

"त्यांचाच निरोप आला," मी म्हणालो. "घरी पाहुणे आलेत, नको म्हणाल्या."

इतकं सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो, हेही लिहून ठेवतो.

रविवारी उपासनेनंतर बायकांनी मावशींना घेरलं. एक जण मोठ्यानं म्हणाली, "काय हो, पाहुणे मोठे का देव मोठा?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी गीतांच्या पुस्तकात मान घातली.

"चुकलं बाई," त्या म्हणाल्या. "पाहुणे आले व्हते खरं."

"मग पुढच्या वर्षी देवालाही सांगा, पाहुणे गेल्यावर ये म्हणून!" सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या.

नंतर पायरीशी मी चपला घालत होतो. त्या जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "सतरंजी शेजारनीकडनं मागून आनली व्हती, सर. शिरा केला व्हता. आठपर्यंत बसलो."

"मग तुम्ही तिथं का नाही बोललात?"

"सगळ्यांपुढं तुम्ही खोटे पडले असते. पोरांना शिकवता तुम्ही."

मी पुढच्या वर्षीच्या यादीत त्यांचं घर घातलं नाही. घातलं असतं तर कुणीतरी मागची गोष्ट उकरली असती. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

मागच्या पावसाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं. रिक्षा करून गेलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा म्हणून पाहिलं. सुनेनं सतरंजी अंथरली, चहा दिला. मी प्यायलो, चांगला होता. मावशी मला पाहून उठायची धडपड करू लागल्या. "करा प्रार्थना, सर. लय दिवसांनी आली माझ्या घरी."

मी डोळे मिटले. त्यांच्या आजारासाठी, सुनेसाठी, नातवंडांसाठी मागितलं. पापांची क्षमा मागितली, पण "आमच्या पापांची" म्हणालो. "माझ्या" म्हणायला जीभ वळली नाही. मी आमेन म्हटलं, त्यांनीही म्हटलं, आणि मी निघालो. पुढच्या आठवड्यात येतो, असं सांगून.

पुढच्या आठवड्यात त्यांची माती झाली. कबरीपाशी चार शब्द बोलायला मलाच सांगितलं. त्या किती नम्र होत्या ते मी बोललो. ती बाईही तिथंच उभी होती, देव मोठा का विचारणारी. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

रिक्षात तीनदा म्हटलेलं एवढंच होतं: मावशी, तुम्ही नको म्हणाला नव्हतात. मी खोटं बोललो, आणि ते तुम्ही स्वतःवर घेतलंत. मला क्षमा करा.