पायावरची खूण

माझा देवीवर विश्वास आहे, पण त्या आठवड्यात तिच्या मनात काय आहे हेच मला कळेनासं झालं होतं. आमची लेक दोन महिन्यांची. पाणीगेटजवळच्या डॉक्टरांनी तिच्या खुब्याची सोनोग्राफी पाहून सांगितलं, की मांडीचं हाड जिथे बसतं ती खोबणीच उथळ आहे. पाय फाकवून ठेवणारे पट्टे आत्ताच बांधले तर खोबणी नीट घडेल. उशीर केला तर पुढे ऑपरेशन. मग त्यांनी गुजरातीत विचारलं, "घरमां बीजुं कोई लंगडाय छे?"

लंगडतात तर! पणजी लंगडायची, आत्या लंगडते. पण आमच्याकडे ते व्यंग नव्हे, मान आहे. कुलदेवी जिला आपली म्हणते तिच्या पायावर खूण ठेवते, असं पिढ्यान् पिढ्या मानतात. नवरात्रात घट बसतात ते आत्याच्याच हातून. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून येतं, मुलींमध्ये जास्त. एकच जनुक नाही, अनेक मिळून कल देतात, आणि बाकीचं कशाने होतं ते पूर्ण कळलेलं नाही. ते न कळलेलं म्हणजेच देवी, असं माझ्या मनाने घेतलं. मग पट्टे बांधणं म्हणजे तिला नाही म्हणणं का? आई म्हणाली, कोप होईल. बायको भडकली, "तुझ्या रिफायनरीत गळती दिसली की तू आधी कौल लावतोस का?"

तरी मी कौल लावलाच. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली; उजवं पडलं तर पट्टे, डावं पडलं तर नाही. हात जोडून किती वेळ बसलो. एकही पडेना. मला रडूच आलं.

तेवढ्यात शहरातल्याच मांडवीहून आत्या आली, कठडा धरत जिना चढून. कोणी बोलावलं नव्हतं. सकाळपासून बाळ डोळ्यांपुढे येत होतं म्हणे. सगळं ऐकून तिने दोन्ही फुलं काढून तबकात ठेवली.

"तिला काय विचारतोस? मला विचार की. दुखतं रे, रोज दुखतं. सगळे मला देवीची लाडकी म्हणालात, मग दुखतं कसं सांगायचं? बांध ते पट्टे."

आता पट्टे सुटलेत, खोबणी नीट घडत आली आहे. "दीकरी दोडशे," मुलगी धावेल, असं डॉक्टर म्हणतात. ती खूण देवीची होती की नुसती रक्ताची, मला अजून उमगलेलं नाही, आणि ते कळायलाच हवं हा हट्टही मी सोडला आहे. शरण जायचं तर उत्तर कोणाच्या तोंडून यावं हेसुद्धा तिच्यावरच सोडावं लागतं, एवढं मात्र कळलं.

त्या दिवशी पट्टे बांधून झाल्यावर मी आत्याच्या पाया पडायला वाकलो. संकोचून ती पाय मागे घेऊ लागली, पण तिला ते पटकन जमलं नाही.