घंटीच्या सुराचा स्क्रू

सोनोने मेकॅनिक कानाला हेडफोन लावत आणि लाइनवर माणसांचं बोलणं सुरू झालं की लगेच काढून ठेवत. "लोकाइचं बोलनं आपल्या कामाचं नाही," म्हणत. त्यांना ऐकायचा असे तो फक्त घंटीचा सूर.

साठ सालानंतर आमच्या अकोल्याच्या टेलिफोनच्या ट्रंक एक्सचेंजमधून अमरावतीकडे एकाच तारजोडीवरून अनेक संभाषणं जाऊ लागली होती. प्रत्येक लाइनीत बोलण्यासाठी कंपनांचा एक पट्टा आणि त्याच्या वर, बोलण्यात न मिसळणारा एक बारीक सूर. पलीकडे घंटी वाजवायची, फोन ठेवला ते कळवायचं, हे सगळं तो सूर करी. "सूर गेला तं बोलाले मानूस येनारच नाही," सोनोने सांगत.

मला सोनोने सहन होत नसत. मी घरची काळी जमीन असलेला; ते छप्पन्न साली बौद्ध झालेल्या घरातले, आणि कामात माझे वरचे. त्यांच्या माठातलं पाणी मी कधी प्यायलो नाही. त्यांनी ते पाहिलं होतं. मला "पाटीलबुवा" म्हणत, त्यात आदर नसे.

एका दुपारी ते जेवायला गेले असताना अमरावतीच्या ऑपरेटरने दुसऱ्या लाइनीवरून तक्रार केली की एका लाइनीची घंटी वाजत नाही. सुराचा जोर यंत्राच्या कपाटातल्या एका छोट्या स्क्रूने ठरे. मीटर लावून तो केसाएवढा फिरवायचा आणि वहीत सही करायची, हा सोनोन्यांचा दंडक. मी मीटर लावला नाही. स्क्रू दोन फेरे पिळला. घंटी वाजली. सही केली नाही.

सूर इतका वाढला की शेजारच्या लाइनींत शिट्टी घुसली. तासभर कोणाला काही ऐकू येईना, आणि नेमका त्याच तासात एका मोठ्या साहेबांचा कॉल होता.

सोनोने आले, हेडफोन लावला, स्क्रू मागे फिरवला.

"काहून पिळला एवढा, पाटीलबुवा? हे काय वावर आहे, जोर लावला का झालं?"

"मी हातही लावला नाही."

"मंग सोताच फिरला काय?"

चौकशीत मी सांगितलं, त्या कपाटाला सोनोन्यांशिवाय कोणी हात लावत नाही. ते इन्चार्ज होणार होते. ती जागा गेली, आणि त्यांची दूर बदली झाली.

जायच्या दिवशी त्यांनी मला कपाटापाशी बोलावलं आणि मीटर हातात दिला.

"मी खरं सांगतलं होतं. चौकशीवाल्या साहेबानं तुमच्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् लेहून टाकलं. आता शिका."

तीनदा चुकलो, तिन्ही वेळा त्यांनी माझा हात झटकला. मी काहीतरी पुटपुटलो.

"माफी नोका मांगू. तुमच्यासाठी नाही शिकवून राहिलो. उद्या कोनाची माय बिमार असन, तिकडं घंटी वाजली पायजे."

काटा जागेवर आला तसे ते पिशवी उचलून निघाले. पुढे ते वारल्याचं कळलं, तरी मी त्यांच्या घरी गेलो नाही.

इन्चार्जची जागा मला मिळाली. निवृत्त होईपर्यंत मी नव्या माणसांना सूर लावायला शिकवला. हे कुठं शिकलात, असं कोणी विचारलं की मी म्हणत असे, अनुभवाने.