उन्हानं जळलेला टप

वैशाखात जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत सकाळी आठलाच ऊन अंगावर येतं, आणि त्या उन्हात नुकत्याच रंगवलेल्या मोटारीचा उग्र वास असा पसरला होता की शेजारच्या अक्कांनी खिडकीच लावून घेतली. मला मात्र त्या वासाचा अभिमान वाटत होता. जळगाव ते अमळनेर अशी बारा वर्षं रोज ये-जा करून, तिथल्या शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झालो, आणि ही पांढरी गाडी माझ्याबरोबर दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर चालली. आता ती विकायची होती, पण भंगारवाल्याला नव्हे. जिथं तिला कुणी रोज चालवील अशा घरी जावी, एवढीच इच्छा होती.

विकायचं म्हटल्याबरोबर सल्ले देणाऱ्यांना ऊत आला. आहे तशी दाखवाल तर कुत्रं विचारणार नाही, असं जो तो सांगू लागला. जुन्या गाड्यांच्या एका दलालानं तर मीटर लाखाच्या आत आणून देऊ का, असं सहज, चहा विचारावा तसं विचारलं. माझं डोकं फिरलं. मी त्याला चार शब्द सुनावून बाहेर पडलो आणि घरी येईपर्यंत स्वतःच्या सचोटीवर खूश होतो. त्याच आठवड्यात मी गाडी रंगाऱ्याकडे टाकली. आमच्याकडच्या उन्हानं तिचा टप पार जाळला होता. छतावरचा रंग उडून करपलेल्या भाकरीसारखे डाग पडले होते. ते गेले, पोचे गेले, बैठकांना नवी कव्हरं आली, आणि महिन्याच्या पेन्शनहून जास्त पैसा त्यात गेला. माझा विद्यार्थी असलेल्या मेकॅनिकनं तेवढं हळूच म्हटलं होतं की सर, हा खर्च निघायचा नाही. मी ऐकलं नाही.

मग धुळ्याकडचे एक नाना आले. कापसाचे शेतकरी, धोतर-टोपीतले, मितभाषी. सून दूरच्या शाळेवर शिक्षिका, तिला रोज जायला-यायला गाडी हवी होती. मी मनातल्या मनात हेच ते घर असं ठरवूनही टाकलं. नानांनी इंजिन पाहिलं नाही, मीटर पाहिलं नाही. त्यांनी टपावरून सावकाश तळवा फिरवला आणि बराच वेळ तिथंच ठेवला.

"सर, गाडी इतली जुनी शे, मंग टप कसा काय नवा शे?"

ज्या मुलखात उभ्या गाडीचा पत्रा दुपारी हाताला चटका देतो, तिथं बारा वर्षांच्या गाडीचं गुळगुळीत छत म्हणजे ती कुठंतरी उलटली असणार, हे त्यांच्या दृष्टीनं उघड होतं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. गाडी कधी उलटली नाही, कुठं धडकली नाही, हे मी वर्गात रागावल्यासारखं चढ्या आवाजात सांगितलं. आयुष्यभर ज्याच्या शब्दावर आईबाप मुलं सोपवत आले, त्यानं आपल्याच दारात उभं राहून खुलासे द्यायचे? मी खोटं बोलतोय असं वाटतं का, असंही विचारून बसलो. नाना शांतपणे टोपी सारखी करत म्हणाले,

"तुमनावर मना भरोसा शे, सर. पन तुमले गाडीवर भरोसा नही व्हता."

चहा घेऊन ते गेले. मी आठवडाभर धुमसत होतो. कधी नानांवर, कधी रंगाऱ्यावर, कधी जुनं म्हटलं की नाक मुरडणाऱ्या सगळ्या जगावर. चकचकीत केलं तर संशय, न केलं तर उपेक्षा. माणसानं करावं तरी काय, असं बायकोला ऐकवत राहिलो. तिनं एकदाच विचारलं, की गाडी इतकी चांगली होती तर नानांना तुम्ही तिच्याविषयी नेमकं काय सांगितलंत?

मी आठवू लागलो. भर पावसाळ्यात आणि पेटलेल्या उन्हाळ्यात, बारा वर्षांत या गाडीनं मला एकदाही रस्त्यात सोडलं नव्हतं. ती काय नाही एवढंच मी नानांना सांगितलं होतं. ती काय आहे, हे नाही. माझ्या तोंडानं सांगायचं ते मी रंगाऱ्याला पैसे देऊन सांगायला लावलं होतं.

गाडी अजून दारात आहे. विचारायला येणारे येतात, नव्या रंगाचं कौतुक करतात, आणि मला ते ऐकवत नाही.