बाजाराच्या दिवशी माय पाणी पीत नसे

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई प्रत्येक पेशंटला तेच सांगत. ताटात वरून मीठ घेऊ नका. तंबाखू सोडा. काही होत नसलं तरी बीपी आणि शुगर तपासून घेत जा. पाणी भरपूर प्या. समोर बाई असली की आवाज थोडा खाली आणून आणखी एक वाक्य: लघवी तुंबवून ठेवू नका. आवाज खाली आणून फारसा उपयोग नव्हता. त्यांचं टेबल आणि बाहेरची रांग यांच्यामध्ये फक्त एक हिरवा पडदा होता.

मायला पुन्हा थंडी वाजून ताप आला होता. कंबरेत कळ, लघवीला आग. त्या वर्षात हे वरचेवर चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"मावशी, हे आता साधं राहिलं नाही. असंच होत राहिलं तर किडनीवर जाईल. गोळ्या देते, पण दर वेळी गोळ्यांनी भागणार नाही. पाणी प्यायचं आणि लघवी आली की लगेच जायचं. कळलं?"

"हाव."

"काय कळलं, सांगा."

"पानी प्यायचं. आन् आली का जायचं."

"रोखून धरता का तुम्ही?"

माय माझ्याकडे पाहून हसली. "नाई वं बाई. कायले धरू?"

ती खोटं बोलत होती, आणि हे मला माहीत होतं, कारण पुढच्या बाजाराला मी तिच्यासोबत गेले.

आमचं गाव सुलतानपूरच्या अलीकडं, फाट्यावरून आत. विहिरीवर थोडा भाजीपाला होतो: मेथी, पालक, वांगी, आणि सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. बाबा पिकवतात, माय विकते. आठवडी बाजाराच्या दिवशी अंधार असतानाच टेम्पोत जुड्या भरायच्या, बाजाराच्या गावाला जाऊन जागा धरायची आणि दिवे लागेपर्यंत पोत्यावर बसायचं. घरी माय कमी बोलते. बाजारात तिची जीभ सुटते. कोणत्या बाईच्या सुनेला दिवस गेलेत, कोणता मास्तर मेथी घेताना काड्या मोजतो, कोण उन्हात उभं राहून भाव पाडण्याचं नाटक करतं, हे तिला तोंडपाठ. गिऱ्हाईक तिला नावानं हाक मारतं. आमच्या गावात तिला तिच्या नावानं हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. तिथं ती कोणाची तरी बायको नाहीतर कोणाची तरी माय असते.

मी घरून मोठी बाटली भरून आणली होती. दुपारपर्यंत ती अर्धी झाली. मला बरं वाटलं. मग मी नीट पाहिलं. माय त्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून सांभारावर पाणी शिंपडत होती.

"माय, ते पानी तुह्यासाठी हाय."

"सांभार सुकून राह्यला ना."

"डॉक्टरीनबाई काय म्हनल्या?"

"त्या म्हनल्या आली का जाय. कुठी जाऊ, तू सांग. हे पाहा बाजार. दाखव बोट."

शेजारी लसूण-मिरची घेऊन बसणारी मावशी खी खी करून हसली. ती मायपेक्षा वयानं मोठी, दात पडलेली आणि तोंडाची फटकळ. "पोट्टी शिकेल हाय, दाखवन बोट. दाखव वं! तिकडं गाळे, तिकडं देऊळ, तिकडं शाळा. मधात आपन."

पूर्वी बाजाराच्या मागं गुरांच्या बाजाराची मोकळी जागा होती, झुडपं होती. बायका दोघी-तिघी मिळून जायच्या, एकीनं उभं राहायचं, बाकीच्यांनी बसायचं. मग तिथं दुकानांचे गाळे झाले. पुरुषांचं काही अडलं नाही. ते गाळ्यांच्या मागच्या भिंतीशी उभे राहतात. ती भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत कायम ओली असते. बायकांनी पाणी सोडलं. कोणी कोणाला सांगितलं नाही, ठराव झाला नाही. पहाटे अर्धा कप चहा, मग घरी जाईपर्यंत काही नाही. दुपारनंतर सगळ्याजणी मांडी बदलत बसलेल्या असतात. गिऱ्हाइकाला वाटतं, पाय अवघडले.

"मी तर सकाळचा चहाबी सोडला," मावशी म्हणाली. "आता तंबाखूची चिमूट धरते. तहान मरते त्यानं."

म्हणजे डॉक्टरीणबाईंनी जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते ते करूनच या बायका बाजारात टिकून होत्या.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा शेतकऱ्यांच्या एका छोट्या संघटनेत आहेत. पिवळ्या, गुलाबी, स्वस्त कागदावरच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या माळ्यावर असायचे. उरलेल्या पत्रकांत माय वांगी बांधायची. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचली. 'धिक्कार' हा शब्द मला 'ढग' या शब्दाच्या आधी लिहिता आला. अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं, वाटायचं, हे मी बाबांकडून शिकले, आणि आजही त्याच्याइतकं खरं मला दुसरं काही वाटत नाही. म्हणून बाजारातून आल्यावर मी जेवायच्या आधी लिहायला बसले. पहिलंच वाक्य असं होतं: आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांना दिवसभर लघवी रोखून धरावी लागते, आणि त्यामुळे त्या आजारी पडत आहेत.

बाबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे असं नाई लिहीत."

"काऊन?"

"पत्रक चौकात वाचल्या जाते, बाई. टपरीवर लोकं मोठ्यानं वाचतात."

"वाचू द्या ना. म्हनूनच लिहिलं."

"तुह्या मायचं नाव निघन त्याच्यात."

"मायचं नाव कुठी हाय?"

"बाजारात बसनारी बाई म्हनलं का समजते लोकायले. आन् हा काय पत्रकाचा विषय हाय काय? पानी, वीज, भाव... हे विषय. हे बायायचं घरात बोलाचं."

मी म्हटलं, घरात तरी कधी बोललात? त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. चुलीपुढं माय भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

शेवटी बाबांनी ते छापून आणलं, त्यांच्या पद्धतीनं. मोठमोठ्या साहेबांना निर्लज्ज म्हणताना ज्यांची लेखणी कधी अडखळली नाही, त्यांनी 'लघवी' हा शब्द खोडला. आजारपण खोडलं. उरलं ते असं: 'बाजारातील महिला विक्रेत्यांना मूलभूत सुविधा मिळाल्याच पाहिजेत.' वर नेहमीचं 'बंधू-भगिनींनो'. त्यांची कितीतरी पत्रकं मी वाचलीत. भगिनी पहिल्या ओळीत येतात आणि दुसऱ्या ओळीत कुठं जातात ते कळत नाही.

तरी मी ते पत्रक वाटलं. बाजाराच्या गावच्या पंचायतीत नेऊन दिलं आणि तोंडानं स्पष्ट सांगितलं की बायकांसाठी लघवीची जागा हवी. सरपंच ऐकताना खिडकीबाहेर बघत होता. "करू, करू. महिलांसाठी तर आपन करतच असतो," म्हणाला.

आणि खरंच केलं. दोन-तीन महिन्यांत बाजाराच्या तोंडाशी पाण्याची टाकी उभी राहिली. निळी टाकी, फरशा लावलेला ओटा, चार नळ. वर पाटी: महिला विक्रेत्यांसाठी थंड पाण्याची सोय. काय मागितलं होतं ते त्याला पुरतं ठाऊक होतं. पण टाकीचं उद्घाटन करता येतं, नारळ फोडता येतो, फोटो काढता येतो. मुतारीसमोर हार घालून कोण उभं राहील?

उद्घाटनाला डॉक्टरीणबाईंना भाषणाला बोलावलं. विषय: आरोग्याची काळजी. बाजाराचाच दिवस होता. पहिला मान म्हणून पुढाऱ्यांची भाषणं आधी झाली, ऊन चढलं, आणि मग डॉक्टरीणबाईंच्या हाती माईक आला. त्यांनी त्यांचं नेहमीचं सुरू केलं. मीठ, तंबाखू, बीपी. बायका आपापल्या पोत्यावरूनच ऐकत होत्या. "आता पाण्याची छान सोय झालीय, तर पाणी भरपूर प्या, आणि लघवी तुंबवून ठेवू नका."

"डॉक्टरीनबाई," लसूणवाली मावशी बसल्या जागेवरून ओरडली, "तुंबवू नका म्हंता. मंग जावाव कुठी? ह्या टाकीत?"

सगळा बाजार हसला. पुरुष जरा जास्तच हसले.

"ए बुढे, कार्यक्रमात असं बोलतेत काय?" सरपंचाच्या बाजूचा एक जण म्हणाला.

"काऊन बे? तू नाई जात काय कुठी? मघाशीच गेलता गाळ्यामांगं. म्या पाह्यलं ना."

पुन्हा हशा. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.  मग नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "मावशींचं बरोबर आहे. मी सकाळपासून इथं आहे. मीही गेलेले नाही. मीही सकाळपासून पाणी प्यायले नाही." आणि पुढं म्हणाल्या, "आमच्या केंद्रातल्या बायकांच्या संडासालाही कडी नाही."

 मी मायकडं पाहिलं. ती डॉक्टरीणबाईंकडं अशी पाहत होती, जणू बाईंची आणि तिची आत्ताच ओळख झाली होती. पुढच्या क्षणी माईक सरपंचाच्या हातात गेला. त्यानं मॅडमचे आभार मानले, चहा घेऊनच जावं अशी विनंती केली आणि बँडवाल्यांना खूण केली.

मला वाटलं, आता होईल. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या मोठ्या आवाजात बोललं गेलं, आता कोणाला टाळता येणार नाही. मी पत्रकांवर वाढलेली. सत्य मोठ्यानं सांगितलं की काहीतरी हलतं, हे मी शिकलेलं. काही हललं नाही. त्या आठवड्यात टपरीवर पोरं 'ह्या टाकीत?' म्हणून एकमेकांना चिडवायची, तेवढंच. टाकीचं पाणी मात्र बायकांनी वापरलं. सगळ्यांच्या भाज्या ताज्या दिसायला लागल्या.

हिवाळ्यात मायला पुन्हा ताप भरला. या वेळी ती बडबडायला लागली, उलट्या थांबेनात. जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागलं. सलाइन, इंजेक्शनं, सोनोग्राफी. एका किडनीला सूज होती. तिथले डॉक्टर बाबांना म्हणाले, थोडक्यात वाचल्या, आता हलगर्जी नको. बाबा व्हरांड्यात भिंतीला टेकून रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्याबद्दलचा माझा राग तेवढ्यापुरता कुठं ठेवावा ते मला कळेना.

घरी आल्यावर निर्णय झाला. कोणी मायला विचारलं नाही. बाबा म्हणाले, "आता बाजार बंद. मी बसन. तू घरी राय, पानी पी, आराम कर." आत्या म्हणाली, बरोबर आहे. शेजारी म्हणाले, नवरा असावा तर असा. माय म्हणाली, "तुमाले भाव नाई सांगता येत." बाबा म्हणाले, "शिकन." एवढ्यावर बोलणं मिटलं.

मी भांडले. मी म्हटलं, बाजारात एक खोली आणि एक कडी लागत होती. ती कोणाला बांधता आली नाही, पण बाईला घरी बसवणं सगळ्यांना एकाच संध्याकाळी जमलं. बाबा म्हणाले, "मायचा जीव मोठा का बाजार?" या प्रश्नाला उत्तर नसतं. तो विचारला जातोच त्यासाठी.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. स्वच्छ होता. ताप नाही, आग नाही, सूज उतरलेली. त्या मनापासून खूश झाल्या. "बघा मावशी, ऐकलं की फरक पडतो. आता जागा झाली का बाजारात?"

"नाई," माय म्हणाली. "म्याच जात नाई आता."

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली आणि गोळ्या लिहिल्या.

आता बाजाराच्या दिवशी माय अंधारातच उठते. जुड्या तीच बांधते, बाबांच्या हातच्या सैल होतात. टेम्पो गेला की अंगण झाडते. मग तिला करायला काही नसतं. मागच्या बाजारी बाबा संध्याकाळी आले तेव्हा ती दारातच उभी होती.

"कोन कोन आलतं?"

"आलते की लोकं."

"ते मास्तर? ते जाड चष्म्याची बाई?"

"मले काय मालूम? बाया सगळ्या सारख्याच दिसतात."

"आन् लसूनवाली? ती काय म्हने?"

बाबा पाय धूत होते. जरा आठवून म्हणाले, "ती नाई आली. मागच्या खेपीबी नव्हती. तिच्या जागेवर तिचा पोरगा बसते."

 टेम्पोतून उतरवलेली रिकामी पोती मायनं उचलली आणि एकेक झटकून घडी घालायला लागली.

"तिलेबी बसवलं घरी," ती म्हणाली.