पिवळा मोजा

मी आयुष्यभर वीजखात्यात इंजिनिअर होतो. देव मानतो म्हणण्यापेक्षा, बायको मानायची म्हणून मधे पडत नव्हतो एवढंच. भूतखेत, करणी वगैरे ऐकलं की मी उठून जायचो. तरीही हे लिहितोय, कारण ज्या एका माणसाला हे सांगायला हवं होतं, ते माणूस गेल्या वर्षी गेलं.

२००७ सालचा उन्हाळा. आम्ही दोघं नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला मुलाकडे होतो. निखिल, सून मंजिरी, नऊ वर्षांचा आरव आणि पाच वर्षांची ईशा. आमची परतायची वेळ आली तेव्हा मंजिरीनं टूम काढली की सगळ्यांनीच वाटेत आयर्लंडला चार दिवस थांबायचं. हॉटेल नको, खेड्यातलं शेतघर. मुलांना मेंढ्या दाखवायच्या. व्हिसा, विमान, भाड्याची गाडी, सगळं ठरलं. निघायचं शनिवारी.

आणि शनिवारी अमावस्या!

हिनं दिनदर्शिका पुढे धरली. निखिल म्हणाला, "आई, एअरलाइनला सांगू का अमावस्या आहे म्हणून?" ती हसली, पण तिनं मार्ग काढलाच. गुरुवारी चांगल्या वेळेला प्रस्थान ठेवायचं. हल्ली कोणी ठेवत नाही, म्हणून सांगतो. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि जाणाऱ्या प्रत्येकाचं एकेक वस्त्र फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. म्हणजे प्रवास त्याच वेळी सुरू झाला असं धरतात. मग माणसं निघोत केव्हाही. निघताना ते गाठोडं सोबत घ्यायचं.

हिचे गुडघे दुखत होते, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. तांदूळ-सुपारी तिनं बांधून दिली, कपडे मी घालायचे होते. ड्रायर उघडला तर वरच ईशाचा एक पिवळा मोजा होता. तेवढाच कोंबला, गाठ मारली आणि मागच्या रस्त्यावरच्या जोशीकाकूंच्या गराजमध्ये फळीवर ठेवून आलो.

"सगळ्यांचं घातलंत ना?" हिनं विचारलं.

"घातलं."

शुक्रवारी सकाळी ईशा खाली आली ती एका पायानं फरशीवर डाग पाडत. उजवा पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेला. मंजिरी रागावली, बाहेर कशाला गेलीस म्हणून. ईशानं शांतपणे सिरियलचा वाडगा ओढून घेतला. "इट वॉज रेनिंग देअर," म्हणाली. आजीनं विचारलं, "कुठे गं?" तर ती वाडग्यात दूध ओतायला लागली.

मी तिचा पाय धुतला. त्या उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नव्हताच. लॉन वाळून करडी झाली होती, स्प्रिंकलरला बंदी होती. आणि तिथली माती लाल... पायावरची होती काळी, लोण्यासारखी मऊ, तिच्यात हिरवंगार गवत चिकटलेलं. केसांना धुराचा वास येत होता. तो लाकडाचाही नव्हता आणि कोळशाचाही. मी स्वतःला म्हटलं, पोरं कुठे कुठे खेळतात.

दुपारी ती सोफ्यावर झोपली. हिनं पांघरूण घालायला हात लावला आणि मला हाक मारली. मुलगी गार पडली होती. श्वास चालू होता, पण हाका मारून, गालावर पाणी मारून जाग येईना. निखिलला ऑफिसात फोन केला, तो निघाला. मंजिरी डॉक्टरांचा नंबर फिरवणार तोच फोन वाजला. घाईत तिनं स्पीकर दाबला. आयर्लंडची ती घरमालकीण होती. किल्ली कुठे ठेवणार ते सांगायला केला होता, पण तिनं आधी विचारलं ते वेगळंच. तुमच्यापैकी कोणी आधीच पोचलंय का? इथे पाऊस पडतोय आणि फाटकाशी एक छोटी सावळी मुलगी उभी आहे. एका पायात पिवळा मोजा, दुसरा पाय उघडा. मी बाहेर गेले की दिसत नाही. खूप थकलेली वाटते हो.

मंजिरीला काही कळलं नाही. आमची मुलगी इथे आजारी आहे, म्हणत तिनं फोन ठेवला आणि ॲम्ब्युलन्सला लावला.

मला मात्र कळलं. प्रवास सुरू झाला होता, पण एकटीचाच.

मी सपाता घालून तसाच पळालो. काकूंनी गराज उघडलं. आत भट्टीसारखं तापलं होतं आणि फळीवरच्या गाठोड्यातून पाणी ठिबकत होतं. मी तिथेच गाठ सोडली. तांदूळ भिजून फुगले होते. मोजा पिळला, तर काळं पाणी निघालं. तो मुठीत धरून घरी आलो आणि तसाच ओला तिच्या पायात चढवला. दुसरं काही सुचलं नाही. तेवढ्यात अंगणात ॲम्ब्युलन्स आली. आणि ईशा रडत उठली. "आबा, मी खूप हाका मारल्या." ती सहसा मराठी बोलायची नाही.

डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. रात्री ताप चढला, तो दोन दिवसांनी उतरला. ट्रिप कॅन्सल केली, आम्ही पुढे थेट पुण्याला आलो. ईशाला आज त्यातलं काही आठवत नाही.

पण हिनं मनाशी घेतलं. मी ईशाच्या पायात ओला मोजा चढवताना तिनं पाहिलं होतं. तो कुठून आणला ते तिनं विचारलं नाही, आणि गाठोड्यात तेवढाच घातला होता हे मीही सांगितलं नाही. तिला वाटलं, आपण परदेशात नको तो हट्ट केला, प्रस्थान ठेवलं आणि मोडलं, म्हणून पोरीवर आलं. त्यानंतर तिनं दिनदर्शिका भिंतीवर लावली नाही. ईशाला साधी सर्दी झाली तरी फोनवर रडायची. आणि मी तिला अंधश्रद्धाळू म्हणून हसायचो. तेच सोयीचं होतं.

शेवटच्या आजारात, शुद्ध होती तोवर, तिनं विचारलं, "अहो, तेव्हा माझ्यामुळेच झालं ना ते?"

मी म्हणालो, "असलं काही नसतं."

झोपेतल्या मुलीच्या पायाला ती माती कशी लागली, फाटकाशी कोण उभं होतं, मला आजही सांगता येत नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.